परवडणारी भाडेघरं: महापालिकेने सवलत कशावर द्यावी?

प्रश्न एका नगरसेविकेचा आहे. शहराला लागून एमआयडीसी आहे, कामगारांना राहायला धड खोली मिळत नाही. बांधकाम व्यावसायिकांची संघटना म्हणते, जादा एफएसआय द्या, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त चटईक्षेत्र बांधू द्या, भाड्याची घरं आम्ही बांधून देतो. तो द्यावा का, आणि त्याशिवाय महापालिकेच्या हातात आणखी काय आहे?

ताई, एफएसआय दिलात तर इमारती उभ्या राहतील. पाच-सात वर्षांनी त्यांत भाडेकरू असतील का, याबद्दल मला दाट शंका आहे. नगररचनेच्या नोकरीत आणि पुढे सल्लागार म्हणून असे प्रस्ताव टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफएसआयची किंमत वसूल होते ती विक्रीत. बिल्डरचं सगळं गणित तीन-चार वर्षांचं असतं. बुकिंग, स्लॅबगणिक हप्ते, भोगवटा प्रमाणपत्र, इमारत सोसायटीच्या ताब्यात, की तो मोकळा. भाड्याच्या धंद्यात पैसे आज घालायचे आणि ते महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे करून पंचवीस वर्षं परत यायचे. मधल्या काळात पंप जळला, भाडं थकलं, कुणी खोलीवर दहा माणसं आणून ठेवली, तर रात्रीचा फोन मालकालाच. चटईक्षेत्र जादा मिळालं म्हणून घरं विकणारा माणूस घरमालक होत नाही. तो भाड्याच्या नावावर बांधतो आणि पुढे विकण्याची परवानगी मागत राहतो, नाहीतर ठरलेल्या खोल्या महापालिकेच्या गळ्यात घालतो आणि उरलेलं विकून निघून जातो.

एका खोलीचा हिशेब मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या शहरात थोडे इकडेतिकडे होतील. आत सुमारे २७ चौरस मीटर, जिना-लिफ्ट-व्हरांडा धरून बांधकाम ३८ चौरस मीटर. बांधकामाचा दर २८,००० धरला तर खर्च १०.६ लाख. विकास शुल्क, प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम), अग्निशमन वगैरे मिळून साधारण एक लाख. शहराच्या कडेला एका खोलीच्या वाट्याची जमीन पाच लाख. झाले साडेसोळा-सतरा लाख. कामगाराला झेपणारं भाडं महिना ७,००० धरा, म्हणजे वर्षाला ८४,०००. त्यातून रिकामे महिने आणि बुडीत भाडं म्हणून ७,००० वजा करा. लिफ्ट, पंप, वॉचमन, डागडुजी, व्यवस्थापन यांचे महिना दीड हजार, म्हणजे १८,००० गेले. मालमत्ता कर ६,०००. हातात राहिले ५३,०००. साडेसोळा लाखांवर हा परतावा पडला सव्वातीन टक्के. बँकेत मुदत ठेव ठेवून माणूस झोपून राहिला तरी याहून जास्त मिळवतो.

आता महापालिकेने सढळ हात केला असं समजू. जमीन नाममात्र भुईभाड्याने दिली, शुल्क माफ केलं, कर माफ केला. खर्च उतरला साडेदहा लाखांवर, निव्वळ उत्पन्न चढलं ५९,००० वर. परतावा साडेपाच टक्क्यांच्या जरा वर. सत्तर टक्के कर्ज काढलं तर ७.३५ लाखांवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज होतं ६६,०००, आणि हातात येतात ५९,०००. म्हणजे सगळं देऊनही पहिली काही वर्षं खिशातून भरावे लागतात.

पण हिशेब इथे थांबवायचा नाही. भाडं वाढत जातं. केंद्राच्या एआरएचसी योजनेत, म्हणजे परवडणाऱ्या भाडेतत्त्वावरील गृहसंकुलांच्या योजनेत, दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढीची मुभा आहे. त्या चालीने आजचे ७,००० दहा वर्षांनी १०,३०० च्या आसपास जातात. बँकेचा हप्ता मात्र बहुतांशी जागच्या जागी राहतो. म्हणजे हा धंदा मुळात तोट्याचा नाही, तो सुरुवातीची आठ-दहा वर्षं तोट्याचा आहे. महापालिकेची मदत त्या वर्षांत पोचली पाहिजे, आणि ती घर भाड्याने असेपर्यंतच चालू राहिली पाहिजे. एफएसआय या दोन्ही कसोट्यांवर नापास होतो. तो एकदाच मिळतो, पहिल्याच दिवशी मिळतो आणि परत घेता येत नाही.

पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मध्ये भाडेघरांचा स्वतंत्र घटक आहे. नव्या तंत्राने बांधणाऱ्या प्रकल्पांना तंत्रज्ञान अनुदान म्हणून चौरस मीटरला केंद्राचे ३,००० आणि राज्याचे २,००० मिळू शकतात. वरच्या हिशेबात त्याने खोलीमागे दीड लाखाचा भार जरी कमी झाला, तरी व्याज ५७,००० च्या आत येतं आणि गाडी पहिल्या वर्षीच काठावर येते. तेव्हा तुमचा प्रकल्प त्या घटकात बसेल असाच आखा. महापालिकेची सवलत एकटी कधीच पुरत नाही.

एफएसआयचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे, तोही मोठ्या प्रमाणावर. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ मध्ये भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला चार एफएसआय. त्यातला एक भाडेघरांसाठी, तीन त्याला विकायला. भाडेघरं बांधून प्राधिकरणाला फुकट द्यायची. खोली १६० चौरस फुटांची. गंमत अशी की शिवडी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, त्यांतली खोलीही १६० चौरस फुटांचीच. नव्वद वर्षांनी आपण त्याच मापावर आलो, फक्त या वेळी उंच टॉवरमध्ये.

इमारती झाल्या. ठाण्यात झाल्या, पनवेलकडे झाल्या. जागेच्या मंजुरीची चावी प्राधिकरणाकडे होती. पाणी, गटार, कचरा, शाळा हे सगळं स्थानिक पालिकांकडे. त्यांनी कुरकूर केली आणि ती रास्त होती. पुढे सरकारने योजनेचा रोख भाड्यावरून परवडणाऱ्या घरांकडे वळवला. तयार खोल्यांचं काय झालं? पनवेलजवळ कोन इथल्या सुमारे २,४०० घरांची २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली, दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचं घर, मालकी हक्काने. कोविडमध्ये त्याच इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या आणि कामगार ताब्याची वाट बघत राहिले. ठाण्यात धोकादायक इमारतींतून बाहेर काढलेल्या कुटुंबांची सोय अशा खोल्यांत झाली, काही खोल्या प्रकल्पग्रस्तांना गेल्या. गरज सगळ्यांचीच खरी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कामगाराने यावं, महिन्याला भाडं भरावं, नोकरी बदलली की खोली सोडून जावं, ज्यासाठी ही योजना होती, ते घडलं नाही. विक्रीचे तीन एफएसआय मात्र वापरले गेले.

सरकारी यंत्रणा स्वतः घरमालक झाली की दुसरं एक दुखणं सुरू होतं. भाडेकरू हाच मतदार असतो, त्यामुळे भाडं वाढवायची कुणाची छाती होत नाही. बीडीडीच्या २०७ चाळींचं भाडं वर्षानुवर्षं नाममात्र राहिलं, दुरुस्तीचा खर्च त्याच्या कितीतरी पट. शेवट पुनर्विकासात झाला आणि भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची मालकीची घरं विनामूल्य देण्याचं ठरलं. म्हणून माझं स्पष्ट मत: तुमच्या महापालिकेने भाडेघरं ताब्यात घेऊ नयेत. जमीन तिची असू द्या, इमारत चालवणारा दुसरा असू द्या.

खाजगी माणूस या धंद्यात का उतरत नाही, याचं मूळ तुम्हाला घरच्या मोठ्या माणसांकडून ऐकून माहीत असेल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात ही गोठवणूक अवाजवी ठरवली, मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तोवर दोन पिढ्यांच्या मनात बसलं होतं की भाडेकरू आला की घर गेलं. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत दिलं आहे की भारतातल्या शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. त्याच २०११ च्या जनगणनेत शहरांतली १.१ कोटी घरं रिकामी आढळली. आज व्यवहार लिव्ह अँड लायसन्सवर चालतो आणि मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्याची सोय १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. कायद्याची भीती पूर्वीएवढी उरलेली नाही. उरलंय ते वरचं व्याजाचं गणित, आणि एक गोष्ट जी थेट तुमच्या सभागृहाच्या हातात आहे. मालमत्ता कर.

इथे जरा थांबतो, कारण याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. पुण्याचं उदाहरण घ्या. १९७० पासून तिथे मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत आहे. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सवलत बंद झाली, २०१९ नंतरच्या मिळकतींची बिलं पूर्ण दराने निघाली, लोक खवळले, आणि २०२३ मध्ये सरकारने ती पुन्हा चालू केली. आता पीटी-३ चा अर्ज भरून, मी इथेच राहतो याचा पुरावा जोडून ती घ्यायची. राजकीयदृष्ट्या हे फार लोकप्रिय आहे आणि मी ते काढून टाका म्हणणार नाही. पण उलट बाजूने बघा. शेजारी शेजारी दोन सारखे फ्लॅट. एकाची करपात्र रक्कम ६,००० धरली जाते, दुसऱ्याची १०,०००, कारण दुसऱ्यात भाडेकरू राहतो. म्हणजे भाड्याच्या घरावर दोनतृतीयांश जादा कर, आणि तो मालक भाड्यात मिळवतो. जो घर घेऊ शकला नाही तो घर घेतलेल्यापेक्षा जास्त कर भरतो, फक्त बिल त्याच्या नावाने येत नाही.

पुढे आणखी आहे. महापालिका अधिनियमाच्या कर नियमांत सलग काही काळ रिकाम्या राहिलेल्या मिळकतीच्या करातला काही भाग परत मिळण्याची तरतूद आहे. स्वतः राहा, सवलत घ्या. रिकामं ठेवा, परतावा मागा. भाड्याने द्या, पूर्ण भरा. भाडेमूल्यावर कर बसतो अशा शहरात मालकाला ही धास्तीही असते की करार नोंदवला तर कर खात्याच्या नजरेत येऊ. तो नोंदवतच नाही. आणि आपण परिसंवादात विचारतो की भाड्याची घरं का मिळत नाहीत.

मुंबईने २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी दिली. त्या माफीला भाडं कमी ठेवण्याची कुठलीही अट नाही, त्यामुळे मध्यमवर्गाला दिलासा म्हणून तिचा विचार करा, भाडेघरांचं धोरण म्हणून नव्हे. अटीविना सवलत कुठवर जाते हे न्यूयॉर्कने पाहिलं. तिथे ४२१-ए नावाची करसवलत १९७१ मध्ये सुरू झाली, निवासी बांधकामाला चालना द्यावी म्हणून. पुढे मॅनहॅटनमधल्या वन५७ या टॉवरमधल्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या फ्लॅटपर्यंत ती पोचली. लोकांचा संताप वाढत गेला, २०२२ मध्ये योजना संपली, आणि २०२४ मध्ये तिच्या जागी ४८५-एक्स आली, जास्त अटींची. कर सोडायचा तर बदल्यात नेमकं काय घ्यायचं ते आधी लिहून ठेवावं लागतं.

तुमच्या महापालिकेसाठी मी असं सुचवेन. नोंदणीकृत करार, ठरलेल्या मर्यादेच्या आतलं भाडं आणि ४० चौरस मीटरपर्यंतचं घर, या तीन गोष्टी असल्या की त्या मिळकतीला स्वतः राहणाऱ्याला मिळतो तोच कराचा दर. हे अगदी किमान. वर, संपूर्ण इमारत भाड्यासाठीच बांधली असेल तर पहिली दहा वर्षं मालमत्ता करातल्या सामान्य कराच्या भागात मोठी सूट, पुढे उतरती. ही सूट दर वर्षी मिळवायची: खोल्यांची यादी, करारांचे क्रमांक, भाड्याचा तपशील दिला की त्या वर्षापुरती. शिक्षण करासारख्या राज्याच्या रकमेला हात लावता येणार नाही, ती तुमची नाही. आणि पाणीपट्टी आठवणीने बघा. ‘वसतिगृह’ शब्द दिसला की खात्याचा बाबू व्यावसायिक दर लावून मोकळा होतो. एआरएचसीच्या मार्गदर्शक सूचनांत पाणी, मलनिस्सारण आणि घरपट्टी निवासी दराने घ्यावी असं मुद्दाम लिहिलं आहे ते यासाठीच. ठरावात ते शब्दशः घाला.

विकास शुल्क आणि प्रीमियम माफ करू नका, थांबवा. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने वर्षभरासाठी प्रीमियममध्ये ५० टक्के सूट दिली, ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकासकाने भरावं या अटीवर. घरं विकली गेली, भाड्याचं एकही वाढलं नाही, वाढणारही नव्हतं. भाडेघरांच्या बाबतीत रक्कम पुस्तकात येणं म्हणून दाखवा, आणि इमारत भाड्याने राहील तशी वर्षाला पंचविसावा हिस्सा सोडत जा. मालकाने नऊ वर्षांनी विकायला काढली तर उरलेले सोळा हिस्से व्याजासह. विकास शुल्क प्रादेशिक नियोजन अधिनियमाखाली येतं, त्यात अशी ढील द्यायला सरकारची संमती लागेल. ती मागणं सोपं आहे, कारण तुम्ही रक्कम बुडवत नाही आहात.

जमिनीचं जरा अवघड आहे. महापालिका अधिनियमाचं कलम ७९ बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात मालमत्ता देऊ देत नाही, त्यामुळे ‘एक रुपया भुईभाडं’ असा ठराव केलात तर आयुक्त तो सरकारकडे धाडतील आणि तिथे तो वर्षभर पडून राहील. सरकारची परवानगी प्रकल्प हातात घेऊनच मागा, धोरण म्हणून मागू नका. विकास आराखड्यात गृहनिर्माणासाठी आरक्षित, ताब्यात आलेला, रस्ता आणि पाणी असलेला एकच भूखंड निवडा. निविदा उलटी काढा. जास्तीत जास्त प्रीमियम कोण देतो हे विचारू नका, ठरलेल्या आकाराच्या खोलीचं कमीत कमी सुरुवातीचं भाडं कोण लावतो ते विचारा. जमीन पालिकेचीच राहिल्यामुळे विकण्याचा प्रश्नच येत नाही, आणि हीच सगळ्यांत मजबूत अट आहे. बाकीच्या अटी कागदावर असतात.

एक चौकशी आजच करा. तुमच्याकडे जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहर विकास योजनेच्या काळातली बीएसयूपीची, म्हणजे शहरी गरिबांसाठीची, घरं बांधून पडून आहेत का? एआरएचसीचा पहिला प्रकार त्यासाठीच होता, रिकामी सरकारी घरं दुरुस्त करून पंचवीस वर्षं चालवायला द्यायची. चंडीगडने २,१९५ घरं अशी वापरात आणली, सुरत आणि राजकोटनेही काही. देशात एकूण फार नाहीत, कारण बरीचशी घरं अशा ठिकाणी आहेत जिथून कारखान्याला जायला बसच नाही. तुमची असतील तर नकाशावर आधी एमआयडीसीचं गेट आणि बसथांबा शोधा. तमिळनाडूत सिपकॉटने, म्हणजे तिथल्या सरकारी औद्योगिक महामंडळाने, श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगल इथे १८,७२० महिला कामगारांसाठी वसतिगृह उभारलं, २०२४ मध्ये ते सुरू झालं, तेही कारखान्यांच्या पट्ट्यातच. मोठ्या कारखान्यांनी एकत्र येऊन खोल्या घाऊक घेतल्या तर रिकाम्या महिन्यांचा आणि बुडीत भाड्याचा प्रश्न जवळपास सुटतो. तुमच्या एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या संघटनेला या चर्चेत बिल्डरांच्या आधी बोलवा.

आता जे लोक परवडणारी भाडेघरं आजच बांधत आहेत त्यांच्याविषयी. कुठलीही योजना नसताना, कुठलीही सवलत नसताना. चाकण, मोशी, वाघोली, रांजणगाव, कुठेही जा. ज्याची जमीन एमआयडीसीत गेली त्या शेतकऱ्याने उरलेल्या दीड-दोन गुंठ्यांत तळमजला अधिक दोन मजले चढवलेले असतात. खाली तो स्वतः राहतो, वर मजल्यावर चार-चार खोल्या. दहा बाय बाराची खोली, कडाप्प्याचा ओटा, कोपऱ्यात मोरी, व्हरांड्याच्या टोकाला सामायिक संडास, जिन्याखाली सबमीटरची रांग. भाडं साडेतीन-चार हजार, विजेचे पैसे मालक सांगेल त्या दराने, पाणी टँकरचं. करार तोंडी, फार तर पाचशेच्या कागदावर. कामगारांचं शहर या लोकांनी वसवलं आहे, आणि आपल्या दप्तरात ते ‘अनधिकृत’ या एका शब्दात संपतात.

कायद्याने या बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, बसू शकते, महापालिका अधिनियमाचं कलम २६७-अ. पिंपरी-चिंचवडमध्ये ती वर्षानुवर्षं थकत गेली, निवडणुकांचा विषय झाली, आणि २०२३ मध्ये सरकारने माफ केली. माफी देताना मूळ कर भरण्यापलीकडे बदल्यात काहीच मागितलं गेलं नाही याची मला आजही चुटपुट लागते. त्या घरमालकांना म्हणता आलं असतं: शास्ती सोडतो, तुम्ही दर खोलीला संडास द्या, जिना रुंद करा, इमारतीचा संरचना दाखला आणा, करार नोंदवा.

एफएसआय द्यायचाच असेल तर यांना द्या. इथे तो कामाला येतो, कारण हा माणूस विकून जाणारा नाही. तो तिथेच राहतो, भाड्यावर त्याची मुलं शिकतात, पंप बंद पडला तर तोच खाली उतरतो. व्यवस्थापनाचे दीड हजार त्याच्या हिशेबात नाहीत, जमिनीचे पाच लाख नाहीत, बँकेचं कर्जही बहुधा थोडं. वर मांडलेलं गणित त्याला आपोआप जमतं. गुंठेवारी नियमितीकरणात (गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीवरची बांधकामं कायदेशीर करण्याच्या योजनेत) बसणाऱ्या, संरचना भक्कम असलेल्या घरावर एक मजला जादा, अट ही की तो मजला भाड्यानेच राहील. पाण्याचं अधिकृत कनेक्शन ही त्याच्यासाठी कुठल्याही करसवलतीपेक्षा मोठी सवलत आहे. टँकरचे पैसे वाचले तर तो भाडं पाडून घ्यायलाही तयार होतो. आग आणि जिन्याच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. मजला चढवण्याआधी संरचना अभियंता आणि अग्निशमनचा माणूस घरी जाऊन आला पाहिजे, कागदावर शिक्का मारून भागणार नाही.

करार न नोंदवण्यामागे कराची धास्ती आहे, तसा खर्चही आहे. महापालिका हद्दीत लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी फी १,०००, वर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि एजंटचे वेगळे. बारा खोल्यांचा मालक, दर अकरा महिन्यांनी माणसं बदलणार. तो कशाला जाईल? नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, हे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ त्याला कुणी सांगितलेलं नसतं. महापालिकेने नागरी सुविधा केंद्रात ऑनलाइन नोंदणीचं टेबल लावावं आणि फी पुढच्या कराच्या बिलात वळती करून द्यावी. रक्कम किरकोळ आहे. हाती येते ती तुमच्या शहरातल्या भाड्याच्या खोल्यांची पहिली खरी यादी.

अटी पाळल्या जातात की नाही हे कसं बघायचं, असं तुमचे अधिकारी विचारतील. भाडेकरूच्या उत्पन्नाचा दाखला मागत बसू नका. बिहारमधून काल आलेला मुलगा तहसीलदाराचा दाखला कुठून आणणार? भाड्याला आणि खोलीच्या आकाराला मर्यादा घातली की तिथे कोण राहणार ते आपोआप ठरतं. रिकामी खोली पाण्याच्या आणि विजेच्या मीटरवर दिसते. पंचवीस वर्षांची अट मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाराच्या इतर हक्कात चढवा, म्हणजे विकत घेणाऱ्यालाही ती दिसेल आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही. मोडली तर थांबवलेलं शुल्क कराच्या थकबाकीसारखं वसूल होईल असं करारात लिहा. त्या वसुलीची यंत्रणा तुमच्याकडे आहेच, नवं खातं काढायला लागत नाही.

आता वेळेचं. कराचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात, महापालिका अधिनियमाचं कलम ९९. त्याआधी कर आकारणी खात्याकडून तीन आकडे मागवून घ्या: स्वतः राहतात म्हणून सवलत घेणाऱ्या मिळकती किती, रिकाम्या म्हणून परतावा घेणाऱ्या किती, भाड्याने दिल्याचं जाहीर केलेल्या किती. तिसरा आकडा हास्यास्पद लहान निघेल, तोच सभागृहात वाचून दाखवा. भूखंड आणि सरकारी परवानगी यांना वर्ष-दीड वर्ष लागेल, त्याची वाट बघत कराचा ठराव अडकवू नका.

आणि बिल्डरांच्या संघटनेला ‘नाही’ म्हणायची गरज नाही. पत्र पाठवा, की इमारत पंचवीस वर्षं स्वतःच्या नावावर ठेवून भाड्याने चालवायला जे सभासद तयार आहेत त्यांची यादी द्यावी. यादीत दोन-तीनच नावं येतील. त्यांना भूखंडाच्या निविदापूर्व बैठकीला बोलवा.